ए. जे. लीब्लिंग

ॲबट जोसेफ लीब्लिंग (१८ ऑक्टोबर, १९०४ – २८ डिसेंबर, १९६३) हे अमेरिकन पत्रकार, निबंधकार आणि युद्धवार्ताहर होते. १९३५ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकासाठी लेखन केले. दुसऱ्या महायुद्धाचे वार्तांकन, वृत्तपत्रसृष्टीची समीक्षा, खाद्यजीवन आणि राजकारण असे अनेक विषय त्यांनी हाताळले. तथापि, त्यांची कीर्ती मुख्यतः मुष्टियुद्धावरील लेखनामुळे टिकून आहे. १९५१ ते १९५५ या काळातील त्यांच्या मुष्टियुद्धविषयक लेखांचा 'द स्वीट सायन्स' हा संग्रह १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकाने सर्वोत्कृष्ट शंभर क्रीडाविषयक पुस्तकांच्या यादीत या संग्रहाला पहिले स्थान दिले.

दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे अमेरिकेतील मुष्टियुद्धाची जुनी व्यवस्था मोडकळीस येत असताना लीब्लिंग यांनी हे लेख लिहिले. जो लुई, शुगर रे रॉबिन्सन, रॉकी मार्सियानो आणि आर्ची मूर या योद्ध्यांबरोबरच त्यांचे प्रशिक्षक, सरावभागीदार आणि जाणकार प्रेक्षक यांचेही चित्रण या लेखनात आढळते.

बालपण आणि शिक्षण

लीब्लिंग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील जोसेफ लीब्लिंग ऑस्ट्रियातून स्थलांतरित झाले होते. फरच्या कपड्यांच्या व्यवसायात अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करून त्यांनी संपत्ती मिळवली. आई ॲना या सॅन फ्रान्सिस्कोच्या होत्या. लहानपणी लीब्लिंग यांच्या संगोपनासाठी घरी जर्मन दाया होत्या आणि कुटुंबासमवेत त्यांना युरोपचा प्रवासही घडला. या प्रवासांतून फ्रान्सविषयी निर्माण झालेली ओढ त्यांच्या मनात आयुष्यभर राहिली.

ठोसे मारण्याचे आणि चुकविण्याचे प्राथमिक धडे त्यांना किशोरवयातच एका नातलगाकडून मिळाले. दृष्टी अधू, शरीर स्थूल आणि हालचाल मंद असल्यामुळे या खेळात नैपुण्य मिळविणे त्यांना शक्य नव्हते. तरीही प्रौढ वयापर्यंत ते अधूनमधून हातमोजे चढवून सराव करीत असत. ठोसा बसल्यावर काय होते याचा स्वतः घेतलेला हा अल्पसा अनुभव त्यांना पुढे लेखनात उपयोगी पडला.

१९२० मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे विद्यार्थ्यांना प्रार्थनासभेस उपस्थित राहणे सक्तीचे होते. हा नियम वारंवार मोडल्यामुळे त्यांना पदवी न घेताच महाविद्यालय सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. या विद्यालयाविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. तेथील शिक्षणापेक्षा पोलीस न्यायालयांतील वार्तांकनाच्या सरावातून आपण अधिक शिकलो, असे ते मानत.

पत्रकारितेतील सुरुवात

लीब्लिंग यांची पहिली नोकरी 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या क्रीडा विभागात होती. शालेय बास्केटबॉल सामन्यांच्या निकालात पंचाचे नाव देणे तेथे बंधनकारक होते. ज्या सामन्याच्या पंचाचे नाव कळत नसे, तेथे लीब्लिंग 'इग्नोतो' असे नाव घालीत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'अज्ञात' असा होतो. एकाच दिवशी हा पंच अनेक ठिकाणी उपस्थित असल्याचे लक्षात आल्यावर आपल्याला कामावरून काढण्यात आले, अशी हकिगत ते स्वतः सांगत. स्वतःविषयीच्या आठवणी रंगवून सांगण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे त्यांनी कथन केलेल्या अशा प्रसंगांचा तपशील चरित्रकार सावधपणे घेतात.

यानंतर त्यांनी ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे वार्ताहर म्हणून काम केले. १९२६ मध्ये वडिलांनी दिलेल्या पैशांवर ते पॅरिसला गेले आणि सोर्बोन विद्यापीठात मध्ययुगीन फ्रेंच साहित्याच्या वर्गांत त्यांनी नाव नोंदवले. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा वेळ शहरात भटकण्यात, साध्या खानावळींत जेवण्यात आणि वाचनात गेला. १९२७ मध्ये ते प्रॉव्हिडन्सला परतले.

१९३० मध्ये ते न्यू यॉर्कला आले. 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या दैनिकात नोकरी मिळावी म्हणून त्यांनी एका माणसाला मजुरीवर ठेवले. जो लीब्लिंग यांना कामावर घ्यावे, असे आवाहन करणारे फलक अंगावर अडकवून हा माणूस त्या दैनिकाच्या इमारतीबाहेर फेऱ्या मारीत असे. शहर विभागाचे संपादक वेगळ्या दाराने ये-जा करीत असल्यामुळे ही युक्ती निष्फळ ठरली. पुढे ते 'वर्ल्ड-टेलिग्राम' या दैनिकात रुजू झाले आणि तेथे त्यांनी शहरातील सामान्य माणसांवर शेकडो लेख लिहिले. छोटे दुकानदार, हॉटेलांतील नोकर, जत्रांमधील खेळकरी, फसवणुकीवर जगणारे भामटे आणि मुष्टियोद्धे हे या लेखांचे विषय होते.

द न्यू यॉर्कर

१९३५ मध्ये लीब्लिंग 'द न्यू यॉर्कर'मध्ये दाखल झाले. हॅरल्ड रॉस हे तेव्हा साप्ताहिकाचे संपादक होते. दैनिकातील आटोपशीर लेखांची सवय असलेल्या लीब्लिंग यांना साप्ताहिकाच्या दीर्घ लेखांचे तंत्र आत्मसात करण्यास काही काळ लागला. या काळात त्यांचे सहकारी जोसेफ मिचेल यांच्याशी त्यांची घनिष्ठ मैत्री झाली. न्यू यॉर्कच्या दुर्लक्षित माणसांकडे थट्टेचा विषय म्हणून न पाहता त्यांचे बोलणे काळजीपूर्वक ऐकणे, हे दोघांच्याही लेखनाचे समान सूत्र होते. लीब्लिंग यांचे 'बॅक व्हेअर आय केम फ्रॉम' (१९३८) आणि 'द टेलिफोन बूथ इंडियन' (१९४२) हे संग्रह या काळातील लेखनावर आधारित आहेत.

युद्धवार्ताहर

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर ऑक्टोबर १९३९ मध्ये लीब्लिंग यांना पॅरिसला पाठविण्यात आले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य जवळ येताच इतर वार्ताहरांप्रमाणे त्यांनाही शहर सोडावे लागले. फ्रान्सच्या पराभवाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यानंतर त्यांनी ब्रिटनमधून आणि उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियाच्या आघाडीवरून वार्तांकन केले. ६ जून, १९४४ रोजी नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळी ते पायदळ उतरविणाऱ्या एका अमेरिकन नौकेवर होते. या नौकेने ओमाहा किनाऱ्यावर सैनिक उतरविले आणि तेथील माऱ्यात नौकेवरील काही खलाशी मृत्युमुखी पडले. या प्रवासावरील त्यांचा लेख युद्धवार्तांकनाचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, तेव्हाही ते शहरात उपस्थित होते. युद्धकाळातील कार्याबद्दल फ्रेंच सरकारने त्यांना 'लेजों द'ऑनर' हा सन्मान दिला.

सेनापतींच्या योजनांपेक्षा एखाद्या लहान तुकडीने काय पाहिले आणि सोसले, याकडे लीब्लिंग यांचे लक्ष अधिक असे. मुष्टियुद्धावर लिहितानाही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. उत्तर आफ्रिकेशी आलेल्या संबंधातून चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून हे त्यांचे आवडते लेखक बनले. राज्यांच्या उदयास्ताविषयीचे त्यांचे विचार लीब्लिंग पुढे मुष्टियोद्ध्यांच्या संदर्भातही उद्धृत करीत.

मुष्टियुद्धविषयक लेखन

पार्श्वभूमी

१९५१ मध्ये लीब्लिंग मुष्टियुद्धाच्या नियमित लेखनाकडे परतले, तेव्हा या खेळाच्या अर्थव्यवस्थेत मोठा बदल झालेला होता. दूरचित्रवाणी संच घरोघरी पोहोचू लागले होते आणि मुष्टियुद्ध हा दूरचित्रवाणीस अत्यंत सोयीचा खेळ ठरला होता. रिंगण लहान, योद्धे दोनच आणि प्रत्येक फेरीनंतर जाहिरातीसाठी एक मिनिटाची विश्रांती, अशी त्याची रचना होती. दाढीची पाती आणि बिअर यांच्या उत्पादकांनी प्रायोजित केलेले सामने आठवड्यातून अनेक रात्री विनामूल्य दिसू लागले.

याचा फटका मोहल्ल्यामोहल्ल्यांतील छोट्या मुष्टियुद्ध क्लबांना बसला. घरबसल्या नामवंतांचा सामना दिसत असताना तिकीट काढून नवख्यांचा सामना पाहण्यास येणाऱ्यांची संख्या घटली आणि क्लब एकामागून एक बंद पडले. नवोदित योद्धे याच क्लबांत लहान सामने लढत हळूहळू तयार होत असत. ही पायरी नाहीशी झाल्यामुळे तरुणांना पुरेशा तयारीविना मोठ्या सामन्यांत उतरविले जाऊ लागले. पराभूत झालेला योद्धा प्रायोजकाच्या दृष्टीने तत्काळ निरुपयोगी ठरे. लीब्लिंग यांच्या मते, एका कारागिरीची उमेदवारीची पद्धतच यातून मोडली जात होती. पुढच्या पिढीला शिकविणारे प्रशिक्षक अजून हयात होते, पण शिकण्यासाठी येणारी मुले कमी होत चालली होती.

प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह

या मालिकेतील प्रारंभीचा लेख १५ जून, १९५१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या जो लुई आणि ली सॅव्होल्ड यांच्या सामन्यावर होता. हा सामना घरगुती दूरचित्रवाणीवर न दाखविता काही शहरांतील चित्रपटगृहांत दाखविण्यात आला. लीब्लिंग यांनी मात्र तिकीट काढून तो प्रत्यक्ष पाहिला. कॅमेरा दाखवील तेवढेच पाहावे लागणे त्यांना मान्य नव्हते. प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या प्रेक्षकाला योद्ध्याचे पाय, कोपऱ्यातील प्रशिक्षकाचा चेहरा आणि आजूबाजूच्या लोकांच्या प्रतिक्रिया यांपैकी कशाकडे पाहावे, हे स्वतः ठरविता येते. शिवाय तो योद्ध्याला ओरडून सल्लाही देऊ शकतो. आपला सल्ला ऐकूनच योद्धा जिंकला, असा समज करून घेण्यातील आनंद पडद्यासमोर बसून मिळत नाही, असे त्यांनी विनोदाने लिहिले आहे.

महत्त्वाचे लेख

सप्टेंबर १९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर शुगर रे रॉबिन्सन आणि ब्रिटनचे रँडॉल्फ टर्पिन यांचा सामना झाला. दोन महिन्यांपूर्वी लंडनमध्ये टर्पिन यांनी रॉबिन्सन यांच्याकडून मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद जिंकले होते. दहाव्या फेरीत डोळ्यावरील जखमेतून रक्त वाहत असताना रॉबिन्सन यांनी निकराचा हल्ला चढवून विजेतेपद परत मिळवले. या सामन्यावरील लेखात लीब्लिंग यांनी दोन्ही देशांच्या मुष्टियुद्ध परंपरांचा धागा जोडला आहे.

२६ ऑक्टोबर, १९५१ रोजी झालेला जो लुई आणि रॉकी मार्सियानो यांचा सामना हा लीब्लिंग यांच्या सर्वांत हृदयस्पर्शी लेखांपैकी एकाचा विषय आहे. लुई तेव्हा ३७ वर्षांचे होते. जवळजवळ बारा वर्षे हेवीवेट जगज्जेते राहिलेले लुई निवृत्तीनंतर कराच्या थकबाकीमुळे पुन्हा रिंगणात उतरले होते. आठव्या फेरीत मार्सियानो यांच्या ठोशांनी ते दोरांमधून बाहेर फेकले गेले आणि सामना थांबविण्यात आला. लीब्लिंग यांनी प्रेक्षकांत रडणाऱ्या एका स्त्रीचे आणि मार्सियानो यांनी नियमबाह्य काहीच केले नाही, असे तिला समजावू पाहणाऱ्या तिच्या सोबत्याचे चित्र रेखाटले आहे. विजय न्याय्य होता आणि तरीही असह्य होता, हा विरोधाभास त्यातून कोणतेही भाष्य न करता व्यक्त होतो.

२५ जून, १९५२ रोजी यांकी स्टेडियममध्ये रॉबिन्सन यांनी लाइट-हेवीवेट गटाचे जगज्जेते जोई मॅक्सिम यांना आव्हान दिले. त्या रात्री असह्य उष्मा होता. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच तो सहन न झाल्यामुळे बदलावे लागले. गुणांवर आघाडीवर असूनही रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी उठू शकले नाहीत. या सामन्याविषयी लिहिताना लीब्लिंग यांनी मॅक्सिम यांचे अनुभवी व्यवस्थापक जॅक कर्न्स यांना केंद्रस्थानी ठेवले आणि लेखाच्या शीर्षकातच विजयाचे श्रेय त्यांना दिले.

सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फिया येथे मार्सियानो यांनी जर्सी जो वॉलकॉट यांना तेराव्या फेरीत बाद करून हेवीवेट विजेतेपद मिळवले. पहिल्याच फेरीत खाली पडलेले मार्सियानो त्या क्षणापर्यंत गुणांवर मागे होते. मार्सियानो यांचे प्रशिक्षक चार्ली गोल्डमन हे लीब्लिंग यांच्या लेखनातील एक प्रमुख पात्र आहेत. उंचीने अतिशय लहान असलेले गोल्डमन हे स्वतः पूर्वी बँटमवेट गटात लढत. ओबडधोबड शैलीच्या मार्सियानो यांना त्यांनी कोणत्या गोष्टी शिकविल्या आणि कोणत्या जाणीवपूर्वक शिकविल्या नाहीत, याचे वर्णन या लेखांत येते. शिष्याची नैसर्गिक ताकद बिघडू न देता त्याला घडविणे ही गोल्डमन यांची खरी कला होती, असे लीब्लिंग दाखवितात.

'द स्वीट सायन्स'मधील अखेरचा लेख २१ सप्टेंबर, १९५५ रोजी यांकी स्टेडियममध्ये झालेल्या मार्सियानो आणि आर्ची मूर यांच्या सामन्यावर आहे. मूर यांनी १९३० च्या दशकात व्यावसायिक कारकीर्द सुरू केली होती, परंतु लाइट-हेवीवेट जगज्जेतेपद मिळण्यास त्यांना १९५२ साल उजाडावे लागले. तंत्रात अत्यंत निपुण असलेल्या या योद्ध्याची तुलना लीब्लिंग यांनी हर्मन मेलव्हिल यांच्या 'मोबी डिक' या कादंबरीतील कप्तान एहॅबशी केली, तर मार्सियानो यांना देवमाशाच्या जागी ठेवले. दुसऱ्या फेरीत मूर यांनी मार्सियानो यांना खाली पाडले. आयुष्यभराच्या अभ्यासाचे फळ हाती येत असल्याचे क्षणभर वाटले, परंतु मार्सियानो उठले आणि नवव्या फेरीत मूर बाद झाले. विद्या श्रेष्ठ असूनही बळापुढे अपुरी पडते, या जुन्या दुःखाचे वर्णन लीब्लिंग यांनी विनोद न सोडता केले आहे. हा मार्सियानो यांचा शेवटचा सामना ठरला. एकही पराभव न पत्करता ४९ विजयांसह ते १९५६ मध्ये निवृत्त झाले.

लेखनपद्धती

लीब्लिंग यांच्या मुष्टियुद्धविषयक लेखांची एक ठराविक रचना दिसते. प्रत्यक्ष लढतीचा वृत्तान्त सहसा लेखाच्या उत्तरार्धात येतो. तत्पूर्वी ते आठव्या ॲव्हेन्यूवरील स्टिलमन्स जिम या प्रसिद्ध व्यायामशाळेत जातात, 'न्यूट्रल कॉर्नर' या मद्यालयात निवृत्त योद्ध्यांशी गप्पा मारतात, सराव शिबिरास भेट देतात आणि सामन्याच्या दिवशी भरपेट जेवून स्टेडियमकडे निघतात. टॅक्सीचालक किंवा शेजारच्या आसनावरील अनोळखी प्रेक्षक यांनाही लेखात स्थान मिळते. परिणामी, निकाल आधीच ठाऊक असलेल्या वाचकाचीही उत्सुकता टिकून राहते.

त्यांच्या भाषेत दोन स्तर एकत्र येतात. अभिजात साहित्य, इतिहास आणि चित्रकला यांतील संदर्भांसोबत प्रशिक्षकांची व व्यवस्थापकांची बोली ते जशीच्या तशी वापरतात. व्हाइटी बिमस्टीन यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या मताला ते एखाद्या विद्वानाच्या मताइतकेच वजन देतात. या मिश्रणातून विनोद निर्माण होतो, पण त्यामागे आपल्या कामात पारंगत असलेल्या माणसाविषयीचा आदरही असतो.

या लेखनाचे आदर्श म्हणून लीब्लिंग यांनी इंग्लिश पत्रकार पिअर्स ईगन (१७७२–१८४९) यांचा वारंवार उल्लेख केला आहे. ईगन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'बॉक्सियाना' या ग्रंथमालेत उघड्या मुठींनी लढणाऱ्या योद्ध्यांचा इतिहास लिहिला होता. लीब्लिंग यांनी त्यांना मुष्टियुद्धाचे हिरोडोटस मानले आणि आपल्या संग्रहाचे शीर्षकही ईगन यांनी या खेळाला दिलेल्या गोड शास्त्र या अर्थाच्या विशेषणावरून घेतले. लंडनमधील सराफ, चोर, उमराव आणि कसाई एकाच गर्दीत कसे उभे राहत, हे ईगन यांच्या लेखनातून आजही कळते. आपल्या काळातील न्यू यॉर्कबाबत तेच कार्य करण्याचा लीब्लिंग यांचा प्रयत्न होता.

या परंपरेशी आपले नाते सांगताना त्यांनी ठोशांची एक वंशावळ दिली आहे. न्यू यॉर्कमध्ये व्यायामशाळा चालविणारे माजी विजेते फिलाडेल्फिया जॅक ओब्रायन यांनी एकदा लीब्लिंग यांच्या नाकावर ठोसा मारला होता. ओब्रायन यांनी बॉब फिट्झसिमन्स यांचा, फिट्झसिमन्स यांनी जेम्स कॉर्बेट यांचा आणि कॉर्बेट यांनी जॉन एल. सलिव्हन यांचा ठोसा खाल्ला होता. सलिव्हन यांच्यामार्फत ही साखळी पॅडी रायन, जो गॉस आणि इंग्लंडचे जेम मेस यांच्यापर्यंत, म्हणजेच उघड्या मुठींच्या काळापर्यंत पोहोचते. गुरुशिष्यपरंपरेसारखी ही मांडणी विनोदी असली, तरी मुष्टियुद्धाचे ज्ञान पुस्तकांतून नव्हे, तर एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जाते, हा गंभीर विचार तिच्यामागे आहे. छोटे क्लब बंद पडल्याने ही साखळी तुटेल, अशी त्यांना भीती होती.

नंतरचे लेख

'द स्वीट सायन्स'नंतरही लीब्लिंग यांनी या विषयावर लेखन सुरू ठेवले. फेब्रुवारी १९६२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या कॅशियस क्ले आणि सॉनी बँक्स यांच्या सामन्यावर त्यांनी लेख लिहिला. व्यायाम करता करता स्वतःच्या कविता म्हणणारे क्ले पुढे महंमद अली या नावाने जगप्रसिद्ध झाले. या सामन्याच्या पहिल्या फेरीत क्ले खाली पडले होते, मात्र चौथ्या फेरीत ते विजयी झाले. त्यांची चपळता लीब्लिंग यांना लक्षणीय वाटली, परंतु त्यांच्या सामर्थ्याविषयी ते साशंक होते. फेब्रुवारी १९६४ मध्ये क्ले यांनी सॉनी लिस्टन यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा लीब्लिंग यांच्या निधनाला दोन महिने होत आले होते. असंग्रहित राहिलेले त्यांचे मुष्टियुद्धविषयक लेख १९९० मध्ये 'अ न्यूट्रल कॉर्नर' या नावाने प्रसिद्ध झाले.

टीका

लीब्लिंग यांच्या मुष्टियुद्धविषयक लेखनावर आक्षेपही घेण्यात आले आहेत. लेखिका जॉइस कॅरल ओट्स यांनी १९८७ मधील 'ऑन बॉक्सिंग' या पुस्तकात त्यांच्या सततच्या थट्टेखोर सुरावर टीका केली. हा सूर योद्ध्यांकडे वरून पाहणारा आणि काही ठिकाणी वंशभेदी आहे, असे ओट्स यांचे मत होते. त्यांच्या दृष्टीने मुष्टियुद्ध ही मूलतः शोकात्म घटना आहे.

मुष्टियुद्धाच्या क्रौर्याविषयीचे आक्षेप लीब्लिंग हसण्यावारी नेत. नर्तक निजिन्स्की यांना वेड लागले म्हणून कोणी बॅलेवर बंदी मागितली नाही, अशा स्वरूपाचा युक्तिवाद ते करीत. हा युक्तिवाद दुबळा होता. डोक्यावरील वारंवार आघातांमुळे योद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या हानीचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी १९२८ मध्येच केले होते. लीब्लिंग यांनी ज्यांच्या बुद्धिमत्तेची प्रशंसा केली, त्या रॉबिन्सन यांनाही उतारवयात स्मृतिभ्रंशाने ग्रासले. मात्र पराभूत आणि वृद्ध योद्ध्यांना त्यांनी आपल्या लेखनात सातत्याने जागा दिली, ही बाबही नोंदवावी लागते.

वृत्तपत्रसमीक्षा आणि इतर लेखन

१९४५ पासून लीब्लिंग 'द न्यू यॉर्कर'मध्ये वृत्तपत्रांची समीक्षा करणारे सदर लिहीत. वृत्तपत्रांची मालकी मोजक्या व्यक्तींच्या हाती एकवटत असल्याने वृत्तस्वातंत्र्य प्रत्यक्षात मालकांपुरतेच उरते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. या विषयावरील त्यांचे लेख 'द प्रेस' (१९६१) या पुस्तकात संकलित आहेत.

'शिकागो: द सेकंड सिटी' (१९५२) या पुस्तकामुळे शिकागोमधील अनेक वाचक रुष्ट झाले. पुढे त्याच शहरातील एका प्रसिद्ध विनोदी नाट्यसंस्थेने 'सेकंड सिटी' हे नाव धारण केले. 'द अर्ल ऑफ लुइझियाना' (१९६१) हे लुइझियानाचे गव्हर्नर अर्ल लाँग यांचे चित्रण आहे. 'बिटवीन मील्स' (१९६२) मध्ये पॅरिसमधील खाद्यजीवनाच्या आठवणी आहेत.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

लीब्लिंग यांनी तीन विवाह केले. पहिल्या पत्नी ॲन यांच्या दीर्घकालीन मानसिक आजारामुळे त्यांच्यावर मोठा भावनिक व आर्थिक ताण पडला. घटस्फोटानंतर १९४९ मध्ये त्यांनी लुसिल स्पेक्टॉर्स्की यांच्याशी विवाह केला, पण तोही टिकला नाही. १९५९ मध्ये त्यांनी कादंबरीकार जीन स्टॅफर्ड यांच्याशी विवाह केला. स्टॅफर्ड यांना १९७० मध्ये कथासंग्रहासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

खाण्याच्या अतोनात आवडीमुळे लीब्लिंग यांचे वजन खूप वाढले होते आणि संधिवाताच्या तीव्र व्याधीने ते त्रस्त होते. मुबलक लेखन करूनही ते बहुधा कर्जात असत. २८ डिसेंबर, १९६३ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी न्यू यॉर्क येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी जोसेफ मिचेल यांनी भाषण केले. लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन येथील ग्रीन रिव्हर दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९७९ मध्ये निधन पावलेल्या स्टॅफर्ड यांची समाधीही तेथेच आहे.

वारसा

अमेरिकेतील मुष्टियुद्ध लेखकांची संघटना उत्कृष्ट लेखनासाठी लीब्लिंग यांच्या नावाने पुरस्कार देते. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिभवनात त्यांचा समावेश करण्यात आला आहे. 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या ग्रंथमालेने २००८ मध्ये त्यांचे युद्धविषयक लेखन आणि २००९ मध्ये 'द स्वीट सायन्स'सह इतर लेखन पुनर्मुद्रित केले.

लीब्लिंग यांनी वर्णिलेले जग आता अस्तित्वात नाही. स्टिलमन्स जिम आणि आठव्या ॲव्हेन्यूवरील मॅडिसन स्क्वेअर गार्डनची जुनी इमारत नामशेष झाली, तर जुने यांकी स्टेडियमही पाडण्यात आले. त्यांच्या लेखांतील सामन्यांच्या चित्रफिती उपलब्ध असल्या, तरी त्यांत केवळ रिंगणातील दोन योद्धे दिसतात. कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या मनात काय होते, गर्दी कोणाच्या बाजूने होती आणि हरलेल्या योद्ध्यासाठी कोण रडले, हे जाणून घेण्यासाठी वाचक आजही या लेखांकडे वळतात.

निवडक ग्रंथसंपदा

- बॅक व्हेअर आय केम फ्रॉम (१९३८)
- द टेलिफोन बूथ इंडियन (१९४२)
- द रोड बॅक टू पॅरिस (१९४४)
- द वेवर्ड प्रेसमन (१९४७)
- शिकागो: द सेकंड सिटी (१९५२)
- द ऑनेस्ट रेनमेकर (१९५३)
- द स्वीट सायन्स (१९५६)
- नॉर्मंडी रिव्हिजिटेड (१९५८)
- द अर्ल ऑफ लुइझियाना (१९६१)
- द प्रेस (१९६१)
- बिटवीन मील्स (१९६२)
- मॉली अँड अदर वॉर पीसेस (१९६४, मरणोत्तर)
- अ न्यूट्रल कॉर्नर (१९९०, मरणोत्तर)